पुण्याच्या परिषदेला धाडलेलं गाऱ्हाणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांची देठं काढणं. ऊन उतरलं होतं. ओटीवर मिरच्या पसरलेल्या, एका अंगाला माझी बायको, दुसऱ्या अंगाला मी. ती मजकूर सांगत होती आणि मी लिहीत होतो. म्हणजे थोडी देठं काढायची, हात लुंगीला पुसायचा, एक ओळ लिहायची, की परत देठं. डोळ्यांना हात लावायचा नाही एवढं एकच पथ्य, आणि मी तेच मोडलं.

"चोळलात मां डोळे?" ती हसत सुटली. "आता बसा रडत. लोकांक वाटतला, बायलेन मारल्यान."

मजकूर होता पुण्याच्या परिषदेला पाठवायच्या प्रस्तावाचा. संगणकाच्या कंपन्यांत काम करणारे लोक तिथे वर्षातून एकदा जमतात आणि काम कसं करावं यावर बोलतात. ज्याला बोलायचं असेल त्याने आधी लिहून पाठवायचं. त्यांना पटलं तर ते बोलावतात. ही एकदा जाऊन बोलून आली होती. आता दुसऱ्यांदा जायचं होतं, आणि या खेपेला तिची अट होती. कागदावर दोघांची नावं, आणि मंचावरही दोघं.

"घाला तुमचा नाव," ती म्हणाली.

"मी घालूचंय नाय."

"कित्याक?"

"मी देवाक गाऱ्हाणा घालतंय, ता डोळे मिटून. डोळे उघडे ठेवून एवढ्या माणसांसमोर बोलूक माका जमाचा नाय."

"मगे थंयसर मिटा डोळे. कोण नको म्हणता? अर्धे लोक आयकताना मिटूनच बसतत."

मी ऐकलं नाही. मुदत दोन दिवसांत संपत होती. "सकाळी बघूया," असं म्हणून तिने मिरच्यांचं सूप उचललं आणि आत गेली. आम्ही जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. कागदावर तिच्या नावाखालची जागा मोकळीच राहिली होती. ती भरायची की नाही, हे आता मला एकट्याला ठरवायचं होतं.

पण हे सगळं लचांड आमच्या घरात शिरलं कसं ते आधी सांगतो. ते आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसू आलं तर मी ते दाबत नाही.

मी चौथी शिकलो. मग होडी. गुडघे गेले तेव्हा होडी सोडली आणि घरी बसलो. ही मालवणच्या बाजारात मासे विकायची. पुढे वाडीतल्या बायका एकत्र करून तिने मसाल्याचं काम काढलं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावात येतात, जाताना वर्षाचा मसाला घेऊन जातात. तो मसाला ह्या बायका करायच्या. पद्धत अशी की सगळ्यांची मागणी घ्यायची, सगळ्या मिरच्या एकदम वाळवायच्या, सगळे धणे एकदम भाजायचे, आणि सगळं एकदम कांडपाच्या गिरणीत न्यायचं. एका वर्षी धणे करपले. थोडे नाही, सगळे. मसाला मुंबईला गेला आणि बोलणी आली ती पुढच्या मे महिन्यात. माणसं वर्षभर कडू सार खात होती आणि आम्ही इथे खुशीत.

आमची एकुलती मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत. ती सुट्टीत आली होती. तिने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आई, आमच्याकडे पण आधी असंच करत," ती म्हणाली. "वर्षभर बसून एक मोठं काम करायचं आणि शेवटी दाखवायचं. मग गिऱ्हाईक म्हणणार, हे मला नकोच होतं. आता आम्ही थोडं करतो, लगेच दाखवतो, चुकलं तर लगेच बदलतो. त्याला अजाईल म्हणतात."

"म्हणजे चाखत चाखत रांधायचा," ही म्हणाली.

"हां. पण चाखायला गिऱ्हाईकाला बसवायचं."

हिला ते पटलं. पटलं की ही थांबत नसे. त्याच आठवड्यात लहान घाणा काढला. वाडीत जे चाकरमानी आधीच येऊन टेकले होते त्यांच्या घरी वाटीवाटीने मसाला पाठवला. रात्रीचं जेवण झाल्यावर ही स्वतः दारात उभी. "कसो झालो? खरा सांगा. गोड बोललात तर मसालो परत घ्येतलंय." एकाने सांगितलं तिखट जास्त, दुसऱ्याने सांगितलं बडीशेप लागते. पुढच्या घाण्यात बदल झाला. त्या वर्षी एकही मसाला परत आला नाही.

मुलीने आणखी एक काढलं. भिंतीवर तीन भाग पाडायचे. करायचं, चाललंय, झालं. प्रत्येक कामाची चिठ्ठी, काम पुढे सरकलं की चिठ्ठी सरकवायची. आता आमच्या बायकांपैकी निम्म्यांना वाचता येत नाही. म्हणून हिने चिठ्ठ्यांच्या जागी पुरचुंड्या केल्या. धण्याच्या कामाची धण्याची पुरचुंडी, मिरचीची मिरचीची. पडवीच्या भिंतीला खिळे मारून त्यावर टांगल्या. फार छान दिसायचं. एक दिवस खारीने धण्याची पुरचुंडी पळवली. भिंतीवर पुरचुंडी नाही म्हणजे काम नाही, असं समजून सगळ्याजणी धणे भाजायचे विसरल्या. तेव्हापासून धण्याच्या जागी गोटा टांगला. खारीला म्हटलं, आता खा.

सगळ्यात गंमत सकाळच्या बैठकीची. मुलगी म्हणाली, रोज सकाळी सगळ्यांनी जमायचं आणि प्रत्येकीने तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. "आणि बसायचं नाही हं, उभं राहायचं. माणूस उभं असलं की लवकर आटपतं."

पुण्यात आटपत असेल. आमच्याकडे माणूस बसलं की उठायची घाई करतं, कारण बसलं की काम आठवतं. उभ्याने बोलायला लागलं की मात्र देवाची घंटा वाजली तरी हलत नाही. बाजारात, विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर आमचा सगळा जन्म उभ्याने बोलण्यात गेला. पहिल्याच दिवशी बैठक उन्हं डोक्यावर येईपर्यंत चालली. काल काय केलं यात सुनेने काय केलं तेही आलं. मुलगी बिचारी घड्याळ बघत होती.

शेवटी शेजारची काकी, जी आमच्यात सगळ्यात फटकळ, ती चिडली. तिला मासे घेऊन बाजारात जायचं होतं. तिने माशांची भरलेली पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आता बोला. माजी मान मोडूच्या आधी."

झटक्यात संपलं. दुसऱ्या दिवसापासून नेमच झाला. ज्या बाईची पाळी तिने पाटी डोक्यावर घ्यायची आणि बोलायचं. बोलून झालं की पाटी दुसरीच्या डोक्यावर. सुनेचं नाव कोणी काढेना. मुलगी टाळ्या वाजवत सुटली. "आई, ह्या आमच्या लोकांक सांगूक होया!" आणि तिनेच आम्हाला परिषदेचं सांगितलं. बाहेरच्या धंद्यातले लोकही तिथे प्रस्ताव पाठवू शकतात म्हणाली.

ही ओटीवर बसली होती. हातातली पाटी पुसत राहिली. मी ओळखलं. बाजारात हिचा आवाज बंदरापर्यंत जायचा, पण कोणी कधी हिला खुर्ची देऊन म्हटलं नव्हतं की बाई, तुम्ही बोला, आम्ही ऐकतो. मुलगी पुण्याला गेल्यावर दोन दिवसांनी ही मला म्हणाली, "तुमी लिवा. तुमका गाऱ्हाण्याची सवय आसा."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की देवापुढे उभं राहून एकाने मोठ्याने मागणं मागायचं असतं. तो थांबला की सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. वाडीत ते काम माझ्याकडे. होडी पाण्यात घालायची असो, लग्न असो, मीच उभा राहतो. त्यामुळे प्रस्ताव म्हटल्यावर मला एकच रीत माहीत. मी कागद घेतला आणि लिहिलं:

"बा परिषदेच्या जाणकारांनू, म्हाराजा! तुमी पुण्यात बसलास, आमी दर्यार बसलों. आज ही लेकरां तुमच्या पायांकडे इली आसत, म्हाराजा! ह्या बायलांच्या मसाल्यात काय वाकडा-वायट झाला आसात, कोणाचो हात चुकलो आसात, तर ता पोटात घाला, आणि हेंका बोलूक संधी देवा, म्हाराजा!"

असं पान भरून. हिला वाचून दाखवलं तर हिने हात जोडले. मुलीला दाखवायचं ठरलं होतं, पण आम्हाला दम कुठला. आम्ही दोघं एसटीने कट्ट्याला, म्हणजे जवळच्या बाजारगावाला, गेलो. तिथे इंटरनेटचं एक दुकान होतं. मी वाचत गेलो, दुकानवाला टाईप करत गेला. तोही आमच्यातलाच, सवयीने प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचा. आणि मेला ते टाईपही करत होता. ते आम्हाला मागाहून कळलं.

चार-पाच दिवसांनी मुलीचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येईना.

"बाबा, काय धाडलास ह्या? थंयसून इचारतत, ह्यो प्रस्ताव आसा काय प्रार्थना."

"नको म्हटल्यानी?" मी विचारलं.

"नको नाय म्हटल्यानी. म्हणतत, वाचून बरा वाटला, पण तुमी बोलतले काय ता शेवटपर्यंत कळाक नाय. मुदत आसा, परत धाडा."

हिने माझ्या हातातला फोन घेतला. हिचा चेहरा उतरला होता. "चेडवा, माका सांग. कसा लिवचा?"

मुलीने जे सांगितलं ते चांगलं होतं, म्हणून लिहून ठेवतो. कोणाला उपयोग झाला तर होवो. ती म्हणाली, बाबा मागतात. प्रस्तावात मागायचं नसतं, द्यायचं असतं. समोर कोण बसलंय ते आधी बघ. त्याचं काय दुखतंय ते लिही. तुझ्याकडे काय घडलं ते एक लिही, एकच. आणि तो माणूस उठून घरी जाताना काय घेऊन जाईल ते लिही. आपण किती मोठे, किती वर्षं हे करतो, ते लिहू नको. आणि पाया पडू नको.

"एकच?" ही म्हणाली. "माका वाडीतल्या नळाचा पण बोलूचा आसा."

"आई, तो नळ पुण्यासून सुटाचो नाय."

मग दोघींचं फोनवर भांडण. हिला मसालाही हवा, मासेही हवेत, खारही हवी. मुलगी एकेक काढून टाकत होती आणि ही एकेक परत घालत होती. अखेरीस राहिली ती पाटी. ज्यांच्या सकाळच्या बैठका आटपत नाहीत त्यांच्यासाठी, असं वर लिहिलं. खाली काकीची गोष्ट. शेवटी, ऐकणारा दुसऱ्या दिवशी आपल्या कचेरीत काय करून बघू शकेल ते. मी वाचलं तर मला ते फारच उघडं वाटलं, ना नमस्कार ना चमत्कार. पण त्यांनी बोलावलं.

निरोप आला तेव्हा ही अंगणात धणे वाऱ्यावर घालत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरा." आणि धणे घालत राहिली. थोड्या वेळाने बघतो तर सूप रिकामं, आणि तरी ही ते हलवतेच आहे.

पुण्याला आम्ही सगळे गेलो, म्हणजे ही, मी आणि काकी. हिने नवं लुगडं नेसलं आणि रिकामी पाटी घेतली. सभागृहात थंडी सोडलेली होती. काकी म्हणाली, "हे हय मासे ठेयतत काय?" मुलगी शेजारी उभी राहून हिचं बोलणं समजावून सांगणार होती. तशी गरज लागली नाही. ही मंचावर गेली, समोर बघितलं, आणि बाजारातल्या आवाजात म्हणाली, "उठा. सगळ्यांनी उठा. आपापली पिशवी डोक्यार घ्येवा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग पुढचा एक उठला, मग रांगच्या रांग. शिकलेसवरलेले, गळ्यात पट्टे घातलेले लोक डोक्यावर संगणकाच्या पिशव्या धरून उभे. "आता बाजूच्याक सांगा, काल काय केलास." आधी हशा, मग कुजबूज, आणि मग सगळे गप्प. झालंच सगळ्यांचं. एकाचं तेवढं चाललं होतं. ही म्हणाली, "ओ दादा, तुमच्या पिशयेत काय नाय काय?"

सभागृह हसलं ते हसलंच. मग तिने काकीची गोष्ट सांगितली. काकी खाली बसून ओरडली, "खरा आसा!" दिलेला वेळ अर्धा उरला होता तेव्हाच हिचं बोलून झालं. मग प्रश्न. एक तरुण बाई म्हणाली, आमच्या साहेबांना सगळं आधीच ठरवून पाहिजे असतं, बदल चालत नाही, काय करू?

ही म्हणाली, "साहेबाक अर्धो झालेलो मसालो चाखूक दी. तेच्या तोंडात गेल्यार तोच सांगतलो, मीठ घाल. मगे म्हणाचा, व्हय साहेब, तुमीच ठरवलास."

परतीच्या गाडीत ती रात्रभर जागी होती. मला कोपराने ढोसून म्हणाली, "ओ, माका खुर्ची दिल्यानी. मी बसाकच नाय."

त्यानंतरच्या वर्षात आम्ही आठवड्याची बैठक सुरू केली. तीही मुलीचीच सांगी. आठवडा संपला की बसायचं आणि कुठे चुकलं ते बोलायचं, म्हणजे पुढच्या वेळी सुधारतं. पहिल्याच बैठकीत काकीने एका बाईला सांगितलं की तुझी हळद कच्ची. त्या बाईने काकीच्या सासरची हळद काढली. दोघी कितीतरी दिवस एकमेकींच्या दारावरून गेल्या नाहीत. आमच्याकडे तोंडावर चूक सांगितली तर ती चूक राहत नाही, वैर होतं.

ही मला म्हणाली, "तुमी घाला गाऱ्हाणा."

मी उभा राहिलो. डोळे मिटले. कोणाचं नाव घेतलं नाही. "बा देवा म्हाराजा, ह्या आठवड्यात कोणाची हळद कच्ची रवली आसात, तर ता पोटात घाल, आणि फुडच्या घाण्याक दोन दिवस जास्त ऊन दाखवची बुद्धी दी, म्हाराजा!" बायका म्हणाल्या, व्हय म्हाराजा. डोळे उघडले तर हळदवाली बाईच सगळ्यात मोठ्याने म्हणत होती. पुढच्या आठवड्याला हळद ठणठणीत. मग तेच चालू झालं. आधी मला येऊन कानात सांगायच्या, मी देवाला सांगायचो, आणि सगळ्यांना कळायचं. कोणी रुसलं नाही. काकी तर गाऱ्हाण्यात आपली चूक यावी म्हणून मागे लागायची.

हिचं म्हणणं, पुण्याच्या लोकांना हे सांगायलाच हवं, त्यांच्याकडेही चूक सांगितली की माणसं रुसतात. त्यात माझ्याशिवाय तिला काय सांगता येणार होतं? गाऱ्हाणं मी घालायचो. म्हणून दोघांचं नाव. त्या संध्याकाळी मिरच्यांवर बसून आम्ही भांडलो ते यावरून.

ती गेली त्या दिवशी मुलगी संध्याकाळी पोचली. मग हिला स्मशानात नेलं.

दुसरा दिवस मुदतीचा शेवटचा. सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, आणि मुलीला म्हटलं, "चल, कट्ट्याक."

वाडीतल्या बायका ओटीवर बसून होत्या. काकी म्हणाली, "ओ, सुतकात खंय चल्ल्यात? लोक काय म्हणतले?"

"लोकांक सांग, म्हातारो येडो झालो."

"ता आमी आधीपासूनच सांगतों," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून माझ्या हातात छत्री दिली.

दुकान नुकतंच उघडलं होतं. लायनीत चार माणसं बाकावर. मी दारातूनच विचारलं, "माका सुतक आसा. चलात मां?" दुकानवाल्याने उठून खुर्ची पुढे केली. मुलगी बसली आणि कागदावरचं टाईप करायला लागली. नावाशी आल्यावर थांबली.

"आईचा नाव ठेवू?"

"पयला तिचा. खाली माजा."

"हय इचारतत, बोलतलो कोण."

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मग म्हणाली, दोघांविषयी दोन-दोन ओळी हव्यात. माझ्या लगेच झाल्या. चौथी शिकलेला, होडीवर होता, आता मिरच्यांचं ऊन राखतो. "आणि आईच्या?"

मी सांगायला लागलो. ती मासे कशी विकायची, पाटी कशी उतरवायची, भाव पाडणाऱ्या गिऱ्हाईकाला काय म्हणायची. बाकावरचा एकजण हसला. मी त्याच्याकडे वळून खारीची गोष्ट सांगितली. मग पुण्याची. दुकानवाला हातातलं काम ठेवून ऐकत होता. दारातून आत येणारा माणूस दारातच थांबला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "जागा दोनच ओळींची आसा."

"मगे दोनच लिव आणि धाड," मी म्हटलं. "बाकीचा ह्यांका सांगतंय."